फुटून निघण्याचा मार्ग कायद्यात असावा का?

प्रश्न : एखाद्या प्रदेशातील बहुसंख्य लोकांना देशापासून वेगळे व्हायचे असेल, तर शांततेने बाहेर पडण्याचा हक्क त्यांना कायद्यानेच का देऊ नये? आमच्या वाचकमंडळात यावर बराच वाद झाला. असा हक्क दिला, तर प्रत्येक नाराज प्रांत ऊठसूट केंद्राला धमकावू लागेल, असे काहींचे म्हणणे पडले. आपले मत काय?

उत्तर : कायद्यात असा मार्ग असावा, असे माझे मत आहे. मात्र मतदान झाले की दुसऱ्या दिवशी निघून जावे, असा एकतर्फी हक्क मला अभिप्रेत नाही. स्पष्ट बहुमताने मागणी झाली, तर दोन्ही बाजूंना वाटाघाटींना बसणे बंधनकारक ठरेल, अशी कार्यपद्धती मला अभिप्रेत आहे. या दोहोंतला फरक कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1998 साली क्यूबेक या प्रांतासंबंधीच्या अभिप्रायात फार नेमकेपणाने मांडला. एकतर्फी बाहेर पडण्याचा हक्क क्यूबेकला ना कॅनडाच्या घटनेने दिला आहे, ना आंतरराष्ट्रीय कायद्याने, असे न्यायालयाने सांगितले. पण स्पष्ट प्रश्नाला स्पष्ट बहुमताने होकार मिळाला, तर उर्वरित कॅनडाला तो कानाआड करता येणार नाही आणि वाटाघाटी कराव्याच लागतील, असेही त्याच अभिप्रायात बजावले.

‘स्पष्ट प्रश्न’ या अटीला त्यावेळी ताजा संदर्भ होता. 1995 च्या सार्वमतात क्यूबेकच्या मतदारांना, कॅनडापुढे नव्या आर्थिक व राजकीय भागीदारीचा औपचारिक प्रस्ताव ठेवल्यानंतर क्यूबेक सार्वभौम व्हावे हे आपणास मान्य आहे का, असे विचारण्यात आले होते. शिवाय त्याच वाक्यात एका विधेयकाचा आणि त्या वर्षीच्या 12 जूनच्या कराराचाही हवाला होता. होकार देणाऱ्याला वेगळा देश हवा होता की नव्या अटींवरची भागीदारी, हे या वाक्यावरून ठरवता येत नाही. निकाल 50.58 विरुद्ध 49.42 टक्के असा लागला आणि कॅनडा जेमतेम चोपन्न हजार मतांनी एकसंध राहिला. याउलट स्कॉटलंडमध्ये 2014 साली विचारलेला प्रश्न एका ओळीचा होता : स्कॉटलंड हा स्वतंत्र देश असावा का? तेथील सरकारने आरंभी ‘आपणास मान्य आहे का’ अशी सुरुवात सुचवली होती. तिच्यामुळे मतदार होकाराकडे झुकतो, असे निवडणूक आयोगाने दाखवून दिल्यावर ती वगळण्यात आली. लंडन आणि एडिनबरा येथील, म्हणजे ब्रिटनच्या आणि स्कॉटलंडच्या, सरकारांनी 2012 मध्येच करार करून निकाल मान्य करण्याचे ठरवले होते. सुमारे 85 टक्के मतदान झाले, 55 टक्क्यांनी नकार दिला आणि ज्यांचा पराभव झाला त्यांनीही तो निकाल स्वीकारला.

मार्गच बंद ठेवला तर काय होते, हे स्पेनमधील कॅटलोनिया या प्रांतात दिसले. स्पेनची घटना राष्ट्राची एकता अविभाज्य मानते, त्यामुळे 1 ऑक्टोबर 2017 चे मतदान न्यायालयाने बेकायदा ठरवले, मतदान केंद्रांवर पोलिसांनी बळाचा वापर केला आणि पुढे नऊ नेत्यांना नऊ ते तेरा वर्षांच्या शिक्षा झाल्या. 2021 मध्ये सरकारनेच त्या माफ केल्या. त्या मतदानात नव्वद टक्के मते स्वातंत्र्याच्या बाजूने पडली, परंतु मतदान झाले होते अवघे 43 टक्के, कारण विरोधकांपैकी बहुतेक जण घरीच थांबले. एवढी उलथापालथ होऊनही कॅटलोनियाच्या लोकांना खरोखर काय हवे आहे, हे कोणालाच कळले नाही. मला ही बाब सर्वांत गंभीर वाटते. बंदीमुळे मागणी नाहीशी होत नाही. ती मोजण्याचे साधन मात्र हातचे जाते.

आता धमकीच्या आक्षेपाकडे वळू. तो खरा आहे आणि घटनातज्ज्ञही तो मांडतात. माझ्या मते त्यावर उपाय आहे तो मतांची मर्यादा आणि दोन मतदानांमधील अंतर ठरवून देण्याचा. सेंट किट्स आणि नेव्हिस या छोट्या संघराज्याच्या घटनेत नेव्हिसला बाहेर पडता येते, पण त्यासाठी दोन तृतीयांश मते लागतात. 1998 साली सुमारे 62 टक्के मते पडली, ती पुरेशी नव्हती आणि नेव्हिस संघराज्यातच राहिले. उत्तर आयर्लंडने ब्रिटन सोडून आयर्लंडमध्ये सामील व्हावे का, या प्रश्नावर एका सार्वमतानंतर सात वर्षे दुसरे घेता येत नाही. अशा अटी आधीच लिहिलेल्या असल्या, की दर अर्थसंकल्पाच्या वेळी बाहेर पडण्याची भाषा करून काही पदरात पाडून घेणे अवघड होते.

अटी मात्र प्रामाणिक हव्यात. सोव्हिएत संघाच्या 1977 च्या घटनेने प्रत्येक प्रजासत्ताकाला मुक्तपणे बाहेर पडण्याचा हक्क दिला होता, पण तो कसा बजावायचा याचा कायदा आला 1990 च्या एप्रिलमध्ये, म्हणजे लिथुआनियाने स्वातंत्र्य घोषित केल्यानंतर. आणि त्यातील अटी अशा होत्या की त्या वाटेने कोणी जाऊच नये. इथियोपियाच्या 1995 च्या घटनेतही हा हक्क सविस्तर लिहिला आहे, तरीही 2020 मध्ये तेथील टिग्रे या प्रदेशात भीषण युद्ध पेटले. स्वतंत्र न्यायालय आणि निःपक्ष निवडणूक यंत्रणा नसेल, तर असले कलम कागदावरच राहते.

प्रश्न : पण त्या प्रदेशातही अल्पसंख्य असतातच. प्रदेशाला वेगळे होता येत असेल, तर प्रदेशातील तालुक्याने त्या प्रदेशापासून वेगळे का होऊ नये?

उत्तर : या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर न देणारी कोणतीही स्वातंत्र्य चळवळ मला पटत नाही. 1995 मध्ये क्री या आदिवासी समाजाने क्यूबेकच्या मतदानाआधी स्वतःचे सार्वमत घेतले आणि 96 टक्क्यांहून अधिक मतांनी कॅनडातच राहण्याचा कौल दिला. क्यूबेक विभाज्य नाही, असे सांगणाऱ्यांना कॅनडा मात्र विभाज्य का वाटतो, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेले नाही.

स्वित्झर्लंडने यावर टप्प्याटप्प्याच्या मतदानाचा मार्ग काढला. तेथे प्रश्न देश सोडण्याचा नव्हता, तर बर्न या प्रांतातून जुरा हा भाग वेगळा करण्याचा होता. 1974 मध्ये संपूर्ण जुराने मत दिले व थोडक्या फरकाने वेगळ्या प्रांताला होकार मिळाला. 1975 मध्ये दक्षिणेकडील जिल्ह्यांना पुन्हा विचारले असता त्यांनी बर्नमध्येच राहणे पसंत केले. त्यानंतर सीमेवरच्या गावांना स्वतंत्रपणे विचारण्यात आले. नवा प्रांत 1979 मध्ये अस्तित्वात आला. मुटिए या गावाचा निर्णय मात्र लांबतच गेला. तेथील 2017 चे मतदान गैरप्रकारांच्या कारणावरून रद्द झाले आणि 2021 मध्ये पुन्हा मत घेऊन त्या गावाने जुराकडे जाण्याचे ठरवले. ही पद्धत वेळखाऊ आहे, सीमारेषा वाकड्यातिकड्या होतात, पण ज्या माणसाला आपल्या मनाविरुद्ध नव्या सीमेपलीकडे जावे लागणार असते, त्याचे मत निदान विचारले जाते.

प्रश्न : सार्वमतात होकार मिळाला आणि केंद्राने वाटाघाटी लांबवत नेल्या, तर?

उत्तर : बूगनव्हिलमध्ये तसेच झाले. 2019 मध्ये तेथील जवळपास 98 टक्के लोकांनी पापुआ न्यू गिनीपासून स्वतंत्र होण्याच्या बाजूने मत दिले. परंतु 2001 च्या करारानुसार अंतिम संमती संसदेची लागते आणि पाच वर्षांनंतरही ती मिळालेली नव्हती. दक्षिण सुदानला 2011 मध्ये सुदानपासून स्वातंत्र्य मिळाले, पण सीमेवरील अब्येई या भागाचा ताबा कोणाकडे हे अनिर्णितच राहिले. म्हणून वाटाघाटींची मुदत, ती उलटल्यास मध्यस्थ कोण, आणि कर्ज, सीमा, नागरिकत्व यांची वाटणी कोणत्या तत्त्वावर, हे मतदानाआधीच कायद्यात लिहिलेले असले पाहिजे. झेक आणि स्लोव्हाक नेत्यांनी 1992 मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या विभाजनावर सार्वमत घेतले नाही, याबद्दल त्यांच्यावर टीका करावी तेवढी थोडी. पण संघराज्याची मालमत्ता मुख्यतः लोकसंख्येच्या प्रमाणात, म्हणजे दोनास एक अशी वाटण्याचे त्यांनी विभाजनापूर्वीच कायद्याने ठरवले होते.