कामसुख नेमकं कुठे अडतं? वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

या वेळच्या पत्रांत एक समजूत पुन्हा पुन्हा दिसली: मेंदूत 'आनंदाचं रसायन' म्हणून एकच काहीतरी असतं आणि ते कमी पडलं की कामसुख ओसरतं. तसं नाही. इच्छा, उत्तेजना, परमोच्च क्षण आणि नंतरचं समाधान ही वेगवेगळी कामं आहेत आणि त्यांची रसायनंही बरीचशी वेगळी आहेत. म्हणून प्रत्येक पत्रात आम्ही आधी पाहिलं ते एवढंच, की अडतंय कुठे.

प्रश्न : मी ३४ वर्षांची आहे. नैराश्यासाठी चार महिने सर्ट्रालिन ५० मिलिग्रॅम घेते आहे. मन सावरलं, पण आता शरीरसंबंधात परमोच्च क्षण येतच नाही. गोळी बंद करू का?

उत्तर : स्वतःहून बंद करू नका. सर्ट्रालिन एकदम सोडलं तर काही दिवसांतच चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं वाटणं असे त्रास होऊ शकतात. नैराश्य उलटण्याचा धोका वेगळाच.

तुम्हाला होतंय ते गोळीच्या कामातूनच येतं. दोन मज्जापेशींमधल्या फटीत ती सेरोटोनिन हे निरोप पोचवणारं रसायन जास्त काळ टिकवते. मनाला त्याचा आधार होतो, पण वाढलेलं सेरोटोनिन डोपामाइनला, म्हणजे हवंहवंसं वाटायला लावणाऱ्या रसायनाला, आवर घालतं आणि परमोच्च क्षणाची प्रतिक्षिप्त क्रियाही लांबवतं. याच गटातलं डॅपॉक्सेटिन शीघ्रपतनावर देतात ते याच कारणासाठी.

डॉक्टरांकडे जाताना तीन गोष्टी लिहून न्या. हा त्रास गोळीच्या आधी होता का? गोळीनंतर किती आठवड्यांनी सुरू झाला? आणि गेलं ते नेमकं काय: इच्छा, ओलावा, स्पर्शाची जाणीव की शेवटचा क्षण? इच्छा नैराश्यानेही मरते. गोळीचा परिणाम मात्र बहुधा शेवटच्या क्षणावर सर्वांत ठळक दिसतो.

पुढचे मार्ग असे. काहींचा त्रास आपोआप कमी होतो, पण चार महिन्यांनंतर नुसतं थांबून फार हाती लागेल असं नाही. डोस कमी करता येतो. मात्र ५० मिलिग्रॅम हा मुळातच खालचा डोस असल्याने तुमच्या बाबतीत तिथे फारशी जागा नाही. मग उरतं औषध बदलणं किंवा जोडीला दुसरं देणं. डोपामाइन आणि नॉरअॅड्रेनालिनवर काम करणारं ब्युप्रोपिऑन किंवा वेगळ्या पद्धतीने काम करणारं मिर्टाझापिन यांचा हा दुष्परिणाम बराच कमी असतो. कधी फिट आली असेल किंवा खाण्यासंबंधीचा मानसिक आजार असेल तर ब्युप्रोपिऑन चालत नाही. हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तुम्ही सांगा. 'सुट्टीचे दोन दिवस गोळी चुकवायची' हा सल्ला सर्रास दिला जातो. आम्हाला तो पटत नाही. याच गटातलं फ्लुऑक्सेटिन शरीरात आठवडेच्या आठवडे रेंगाळतं, त्यामुळे तिथे त्याचा उपयोग नाही, आणि पॅरॉक्सेटिनसारख्या गोळीत चुकवल्याचा त्रास लगेच सुरू होतो.

तोवर एक साधी गोष्ट करा. शिश्निकेला (क्लिटोरिसला) थेट आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ उत्तेजना द्या, व्हायब्रेटर वापरायलाही हरकत नाही. गोळीने परमोच्च क्षणाचा उंबरठा वर गेलेला असतो, दार बंद झालेलं नसतं. मात्र थोड्या जणांत गोळी थांबवल्यानंतरही असा त्रास टिकल्याच्या नोंदी आहेत. त्यामुळे 'चालायचंच' म्हणून डॉक्टरांपासून तो लपवू नका.

प्रश्न : वय ४१. सकाळी ताठरता येते, हस्तमैथुनातही अडचण नाही. पत्नीजवळ गेलो की मध्येच जाते. सिल्डेनाफिल (व्हायग्रा) घेऊ का?

उत्तर : तुमच्या पत्रातली पहिली दोन वाक्यं महत्त्वाची आहेत. त्यावरून रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू आपलं काम करत असावेत असं दिसतं. अडथळा अॅड्रेनालिन-नॉरअॅड्रेनालिन या ताणाच्या रसायनांचा असण्याची शक्यता जास्त. शिश्नातले स्नायू सैल पडले, तर रक्त आत भरतं; नायट्रिक ऑक्साइड ते सैल पाडतं. 'आज जमेल ना?' हा विचार मनात आला की नॉरअॅड्रेनालिन तेच स्नायू आवळतं. इच्छा शाबूत राहते आणि ताठरता जाते.

यावर १९७० मध्ये मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी लैंगिकता-संशोधकांनी मांडलेली स्पर्शसाधना आजही वापरली जाते. पहिले एक-दोन आठवडे संभोग पूर्ण बंद. दोघांनी ठरवून बंद करायचा, नाहीतर उपयोग नाही. आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येकी १५-२० मिनिटं, आळीपाळीने एकाने स्पर्श करायचा, दुसऱ्याने तो घ्यायचा. स्तन आणि जननेंद्रियं वगळून. लक्ष फक्त उष्णता, दाब आणि त्वचेचा पोत यांवर. पुढच्या टप्प्यात त्या भागांनाही स्पर्श करायचा, पण ताठरता आली तरी संभोग नाही. ती मुद्दाम जाऊ द्यायची आणि पुन्हा येते का ते पाहायचं. गेलेली ताठरता परत येते हे अनुभवाला आलं की भीतीची धार जाते. संभोग शेवटच्या टप्प्यात, तोही सावकाश. बहुतेक जोडपी घसरतात ती दुसऱ्या टप्प्यावर: ताठरता आली की 'आता वाया का घालवायची' म्हणून घाई करतात आणि परीक्षा पुन्हा सुरू होते.

सिल्डेनाफिल इच्छा निर्माण करत नाही आणि उत्तेजना नसेल तर कामही करत नाही. डॉक्टरांनी दिलंच, तर साधारण तासभर आधी घ्यायचं. तेलकट-तुपकट जेवणानंतर ते उशिरा लागू पडतं. हृदयरोगासाठी नायट्रेटची औषधं सुरू असतील तर मुळीच नाही, रक्तदाब जीवघेणा उतरू शकतो. पुढे सकाळची ताठरताही कमी होऊ लागली, तर रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासा. शिश्नाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा अरुंद असल्याने बिघाड तिथे आधी दिसू शकतो.

प्रश्न : बाळ पाच महिन्यांचं आहे, अंगावर पितं. मला इच्छाच होत नाही आणि दुखतंही. माझ्यात काही दोष आहे का?

उत्तर : दोष नाही. दूध येण्यासाठी प्रोलॅक्टिन वाढलेलं असतं आणि इस्ट्रोजेन उतरलेलं. योनीमार्ग कोरडा आणि नाजूक होतो, इच्छा मंदावते. त्यात तुटक झोप. पाण्याच्या किंवा सिलिकॉनच्या बेसचं ल्युब्रिकंट भरपूर वापरा. तेल आणि व्हॅसलिन टाळा, कारण त्यांनी लेटेक्सचा निरोध फाटतो. तरीही दुखत राहिलं तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. योनीमार्गात लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन हा एक पर्याय असतो, आणि बाळंतपणात घातलेल्या टाक्यांची जागाही तपासून घ्यायला हवी.

दुखणं थांबल्याशिवाय इच्छेची वाट पाहू नका. वेदनेच्या अपेक्षेनेच मेंदू ब्रेक दाबतो. तो सुटला नाही तर अॅक्सिलरेटर कितीही दाबून उपयोग नाही. शिवाय इच्छा नेहमी आधीच यावी असंही नाही. अनेक स्त्रियांत, विशेषतः दीर्घ नात्यात, जवळीक आणि स्पर्श आधी होतो, इच्छा मागून जागी होते. नकोसं वाटत असताना स्वतःला ढकलणं म्हणजे मात्र हे नव्हे.

प्रश्न : सगळं छान होतं, पण संबंधानंतर उगाच रडू येतं. असं का?

उत्तर : हा अनुभव स्त्री-पुरुष दोघांतही आढळतो आणि नात्यात खोट असल्याची ती खूण नव्हे. परमोच्च क्षणानंतर ऑक्सिटोसिन आणि प्रोलॅक्टिन ही संप्रेरकं वाढतात, प्रोलॅक्टिन तर तासाभराहून अधिक वर राहतं. पण रडू नेमकं त्यामुळेच येतं असं सिद्ध झालेलं नाही. कधीमधी होत असेल तर जोडीदाराला आधीच सांगून ठेवा, म्हणजे तो घाबरणार नाही. दर वेळी होत असेल किंवा जुन्या अत्याचाराच्या आठवणी येत असतील तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा.

प्रश्न : ऑक्सिटोसिनचा स्प्रे, डोपामाइन वाढवणाऱ्या गोळ्या किंवा 'डोपामाइन डिटॉक्स' (मोबाइलसारखी सुखं काही काळ सोडणं) यांनी फरक पडतो का?

उत्तर : स्प्रेने कामसुख वाढतं याला भक्कम पुरावा नाही. डोपामाइन शरीरातून 'काढून टाकता' येत नाही, त्यामुळे डिटॉक्स हे नावच फसवं आहे. आणि ते औषधाने वाढवणं हा खेळ नव्हे: पार्किन्सनसाठी (कंपवातासाठी) डोपामाइनसारखं काम करणारं प्रॅमिपेक्सोल घेणाऱ्या काही रुग्णांत कामेच्छा बेफाम होते, पण समाधान वाढत नाही. डोपामाइन हवंहवंसं वाटायला लावतं. मिळाल्यावरच्या सुखात शरीराच्या स्वतःच्या अफूसदृश रसायनांचा वाटा मोठा असतो.

पैसे घालवायचेच असतील तर आधी झोपेकडे पाहा, ती फुकट आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात तरुण पुरुषांना आठवडाभर पाचच तास झोपू दिलं, तेव्हा दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी घटलं. टेस्टोस्टेरॉनची तपासणी करायचीच तर सकाळी, उपाशीपोटी करा आणि कमी आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करून पाहा. संध्याकाळच्या एका आकड्यावर इंजेक्शन सुरू करू नका, मूल हवं असेल तर मुळीच नाही: बाहेरून दिलेल्या टेस्टोस्टेरॉनने शुक्राणूंची निर्मिती थांबू शकते.