ब्रिटनमध्ये रोड क्रूचं काम आणि स्टुडिओतली माणसं

तुम्ही विचारलंय की बँडसोबत बॅकलाइन टेक (स्टेजवरची वाद्यं आणि अँप सांभाळणारा तंत्रज्ञ) म्हणून काही वर्षं काढली आहेत, आता ब्रिटनला यायचं मनात आहे, तर टूर नसतात त्या महिन्यांत रेकॉर्डिंग स्टुडिओत काम मिळतं का, आणि तिथली मंडळी रोडच्या माणसाला दारात उभं करतात का. मी इथे हेच काम करते, म्हणून सविस्तर लिहिते.

उभं करतात. पण स्टुडिओ इंजिनिअर व्हायला आलेला माणूस म्हणून गेलात, तर अवघड आहे. त्या खुर्चीसाठी रनर म्हणून चहा-कॉफी आणि केबल गुंडाळण्यापासून सुरुवात करून असिस्टंट झालेली मुलं आधीच रांगेत आहेत. तुमच्याकडे जे आहे ते मात्र त्यांच्याकडे नाही. त्या बँडची वाद्यं तुम्ही रोज रात्री हाताळलेली असतात. कुठल्या गाण्याला स्नेअर (खाली तारा लावलेला ड्रम) किती सैल लागतो, कुठली गिटार दिवे तापले की उतरते, गिटारच्या कुठल्या पेडलला स्वतंत्र पॉवर सप्लाय दिला नाही तर तो गुणगुणतो, हे तुम्हाला पाठ असतं आणि प्रोड्यूसरला नेमकं तेच हवं असतं. स्टुडिओत पहिलं पाऊल रोडचा माणूस म्हणूनच टाका. माझ्या ओळखीत जे टिकले ते सगळे असेच टिकले.

सेशनचा दिवस कसा असतो ते सांगते. बँड यायच्या बऱ्याच आधी ड्रम लावून, कातडी ताणून, एकेक ड्रम ट्यून करून ठेवायचा. स्टेजवर ड्रमच्या पेडलची बारीक चिरचिर कुणाला ऐकू येत नाही, इथे मायक्रोफोन ती उचलतो. म्हणून स्प्रिंगला तेल, स्टँडचा प्रत्येक नट घट्ट, ड्रमरच्या स्टुलाखाली रग. गिटारच्या तारा आदल्या दिवशी बदलून नीट ताणून ठेवायच्या, इंटोनेशन, म्हणजे प्रत्येक पडद्यावर सूर बरोबर लागतो का, ते स्ट्रोब ट्यूनरवर तपासायचं. अँपमधून घरघर आली तर आधी सगळं एकाच सर्किटवर आणायचं, मग डीआय बॉक्सचा (वाद्य थेट मिक्सरला जोडणाऱ्या डबीचा) ग्राउंड लिफ्ट, म्हणजे सिग्नलच्या केबलमधली अर्थची जोडणी तोडणारं बटण, वापरून बघायचा. प्लगची अर्थ पिन काढून घरघर घालवण्याची सवय असेल तर ती इथे येण्याआधीच सोडा. जिवाला धोका आहे, आणि एकदा कुणी पाहिलं तर त्या स्टुडिओत पुन्हा बोलावणं येणार नाही.

वीज हा क्रू आणि स्टुडिओ यांच्यातला रोजचा विषय आहे. इथे आपल्यासारखीच 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. अमेरिकन बँडचं सामान 120 व्होल्टचं, 60 हर्ट्झवर चालणारं. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, फ्रिक्वेन्सी तीच राहते. जुन्या टोनव्हील हॅमंड ऑर्गनची (फिरत्या चकत्यांनी सूर काढणाऱ्या विजेच्या ऑर्गनची) मोटर मेन्सच्या फ्रिक्वेन्सीवर धावते. 60 हर्ट्झसाठी बनवलेला ऑर्गन इथे लावला तर तो सहाला पाच या प्रमाणात हळू फिरतो, आणि सा ते कोमल गंधार एवढं अंतर सूर खाली उतरतो. ही गोष्ट आठवडाभर आधी स्टुडिओ मॅनेजरला कळवली तर फ्रिक्वेन्सी कन्व्हर्टर किंवा 50 हर्ट्झचा ऑर्गन येऊन राहतो. सेशनच्या सकाळी कळली तर दिवसभराचं भाडं वाया. हे आधी कळवणारा टेक त्यांच्या बरोबर लक्षात राहतो.

कुणाशी काय बोलायचं, याला इथे फार महत्त्व आहे. आवाज कसा हवा हे प्रोड्यूसर आणि वादक ठरवतात. मायक्रोफोनला हात फक्त इंजिनिअर आणि असिस्टंट लावतात. ड्रम सरकवायचा असेल तर विचारून सरकवा, कारण त्यांनी इंचात मोजून माइक ठेवलेले असतात. कंट्रोल रूममध्ये नुकतंच रेकॉर्ड झालेलं वादन ऐकत असताना कुणी विचारल्याशिवाय मत देऊ नका. मात्र तार उतरलीय, स्नेअरची वायर सुटलीय, हे लगेच सांगायचं, ते तुमचंच काम आहे. असिस्टंटशी मैत्री ठेवा. पॅचिंग (कुठली केबल कुठे जोडायची), फाइलींची नावं, बॅकअप हे सगळं त्याच्या किंवा तिच्या हातात असतं, आणि हीच मुलं पुढे इंजिनिअर होऊन स्वतः टेक बोलावतात. न प्रसिद्ध झालेल्या गाण्याचा सेकंदभराचा व्हिडिओसुद्धा फोनवर काढायचा नाही. स्टुडिओतल्या कन्सोलसमोरचा (मोठ्या मिक्सरसमोरचा) फोटोही विचारूनच.

वेल्समधलं रॉकफिल्ड किंवा विल्टशरमधल्या बॉक्स गावातलं रिअल वर्ल्ड असे निवासी स्टुडिओ इथे आहेत. तिथे बँड, इंजिनिअर आणि टेक एकाच आवारात राहतात, जेवण एकत्र होतं आणि काम कधीही सुरू होऊ शकतं. अशा ठिकाणी चांगला सहवासी असणं हे कौशल्यातच मोजलं जातं.

आता स्टुडिओत पाऊल न ठेवताही स्टुडिओवाल्यांशी नातं जोडणारं काम: कॉन्सर्टचं मल्टिट्रॅक रेकॉर्डिंग, म्हणजे प्रत्येक माइक आणि वाद्य वेगळ्या ट्रॅकवर. कन्सोलमधून ते घेणं सोपं झालंय, पण मिक्स इंजिनिअरच्या हातात जे पडतं ते बऱ्याचदा ‘इनपुट 17’ नावाच्या फाइलींचा ढीग असतो. तुम्ही नावं नीट द्या, सँपल रेट आधी विचारून घ्या, गिटारचा स्वच्छ डीआय ट्रॅक वेगळा घ्या म्हणजे नंतर तो पुन्हा अँपमधून वाजवता येतो. आणि श्रोत्यांसाठी लावलेले माइक स्टेजपासून किती लांब होते ते टेपने मोजून लिहा. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. 30 मीटरवरचा माइक स्टेजच्या माइकपेक्षा सुमारे 87 मिलिसेकंद उशिरा ऐकतो. तो आकडा कागदावर असला की इंजिनिअरचा वेळ वाचतो. मी हा एक कागद प्रत्येक हार्ड डिस्कसोबत देते, आणि माझी निम्मी स्टुडिओची कामं त्या कागदामुळे आली आहेत.

उलट दिशेनेही गरज असते. टूरच्या प्लेबॅकसाठी (स्टेजवर बँडसोबत वाजवायच्या रेकॉर्ड केलेल्या भागांसाठी) अल्बमचे स्टेम्स, म्हणजे ड्रम, कीबोर्ड, गायन अशा गटांच्या वेगवेगळ्या फाइली, लागतात. ते थेट असिस्टंटकडे मागू नका. हक्क बहुधा लेबलचे असतात, म्हणून मॅनेजमेंटकडून लेखी परवानगी येऊ द्या. मग एकाच ईमेलमध्ये सगळं स्पष्ट मागा: सगळ्या फाइली एकाच बिंदूपासून सुरू, टेम्पो मॅप (गाण्याची लय कुठे किती ते दाखवणारी फाइल) सोबत, मास्टर बसचा कंप्रेसर (पूर्ण मिक्सवर लावलेला, आवाजाचे चढउतार कमी करणारा इफेक्ट) काढून. हे मिक्स संपायच्या आत मागितलेलं बरं. सेशन बंद झाल्यावर ते पुन्हा उघडायला लावणं म्हणजे कुणाचा तरी अख्खा दिवस मागणं.

पैसे बहुतेक वेळा बँडची मॅनेजमेंट देते, स्टुडिओ नाही. दिवसाचा दर, किती तासांनंतर ओव्हरटाइम, प्रवास आणि राहणं कुणाचं, अल्बमवर नाव जाणार का, हे जाण्याआधी ईमेलवर ठरवून घ्या. रोडवर जे तोंडी शब्दावर चालतं ते इथे चालवू नका.

व्हिसाचं मात्र सगळ्यात आधी बघा, कारण हे बहुतांश फ्रीलान्स काम आहे. स्टुडंट व्हिसावर फ्रीलान्स काम करून इनव्हॉइस लावता येत नाही. स्किल्ड वर्कर व्हिसा स्पॉन्सर कंपनीशी बांधलेला असतो, आणि क्रिएटिव्ह वर्कर व्हिसालाही स्पॉन्सर लागतो. इथलं शिक्षण संपल्यावर मिळणाऱ्या ग्रॅज्युएट व्हिसावर स्वयंरोजगार चालतो, म्हणून अनेकजण त्या वाटेने येतात. नियम बदलत राहतात, तेव्हा अर्जाच्या वेळी सरकारी संकेतस्थळ स्वतः वाचा. आणखी एक, जे मला इथे येण्याआधी कुणी सांगितलं नव्हतं: ब्रिटनमध्ये राहत असलात तरी भारतीय पासपोर्टवर युरोपच्या शेंगेन देशांत जायला वेगळा व्हिसा लागतोच, आणि कामाच्या परवानगीचे नियम देशागणिक निराळे. टूर मॅनेजरला घाई असेल तर टूरच्या युरोपमधल्या टप्प्याला तो दुसराच टेक नेतो. त्या आठवड्यांत घरभाडं निघतं ते स्टुडिओच्या दिवसांवर.

तुम्ही ज्या बँडसोबत आहात, त्यांचं पुढचं रेकॉर्डिंग असेल तिथे आत्ताच टेक म्हणून जा आणि त्या इंजिनिअरकडून दोन ओळींची शिफारस लेखी घ्या. इथे आल्यावर लाइव्हची माणसं प्रोडक्शन सर्व्हिसेस असोसिएशनभोवती आणि स्टुडिओची म्युझिक प्रोड्यूसर्स गिल्डभोवती भेटतात. दोन्हीकडे जात राहा. व्हिसाचा मार्ग ठरला की कुठली वाद्यं तुमच्या हातची आहेत ते कळवा, म्हणजे बायोडेटात काय वर घ्यायचं ते सांगते.