सोवळ्याचा स्वैपाक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या नाट्यमंडळाच्या नाटकात 1915च्या सुमाराचं वाईतलं ब्राह्मण घर दाखवायचं आहे. सोवळ्यात स्वैपाक म्हणजे नेमकं काय करत? लहान मूल मध्येच शिवलं तर?

उत्तर : सोवळं म्हणजे कुणाचाही स्पर्श न झालेली शुद्ध अवस्था, आणि त्यासाठीचं वस्त्रही. सुरुवात आदल्या दिवशीच होई. सोवळ्याचं लुगडं किंवा धोतर धुऊन, पिळून, छताजवळच्या उंच दांडीवर काठीनं वाळत घालत. काठी अशासाठी, की त्याला कुणाचा हात लागू नये. सकाळी आंघोळ करून ते तसंच नेसायचं. शिवाशिव झाली तर ते कापड बाद. मग पुन्हा आंघोळ आणि दुसरं वस्त्र, नाहीतर ओलेत्यानंच चुलीपुढे बसणं. पावसाळ्यात सुती कापड रात्रभरात वाळत नसे, तेव्हा रेशमी मुकटा किंवा लोकरीची धाबळी उपयोगी पडे. रेशीम आणि लोकर रोज धुवावी लागत नाही, हा त्यांचा मोठा फायदा.

मग पिण्याचं आणि स्वैपाकाचं पाणी सोवळ्यात भरायचं, चूल सारवायची, आणि नैवेद्य होईपर्यंत काहीही चाखायचं नाही. मीठ अंदाजानं घालावं लागे. तुमच्या नटीला आमटीची चव घ्यायला लावू नका. जाणकार प्रेक्षकाला ते लगेच खटकेल.

नियमाचं मर्म पाण्यात आहे. कोरडं धान्य, पीठ, डाळ यांना विटाळ नाही. धान्य पाण्यात शिजलं की ते खरकटं. म्हणून भात, वरण, पोळी यांना कडक सोवळं, तर दूध, तूप, फळं यांना सैल. प्रवासाला दशमी (भाकरीसारखा प्रकार) नेत ती यामुळेच : तिचं पीठ दुधात भिजवलेलं असतं.

मूल शिवण्याचा प्रश्न अंगावरच्या सुती कपड्याचा असे. त्यामुळे तान्ह्याला नागडं करूनच आईजवळ देत. मुंज न झालेल्या मुलाला नियम सैल होते. मुंज झाली, की त्याच मुलाला जेवताना सोवळं नेसावं लागे.

एक गोष्ट नाटकात गाळू नका. घरातली बाई ‘बाहेरची’ झाली, म्हणजे तिची पाळी आली, की तीन दिवस बाजूला बसे आणि चौथ्या दिवशी न्हाऊन घरात येई. त्या दिवसांत चूल सासू किंवा जाऊ सांभाळी, आणि पुष्कळ घरांत केशवपन केलेली विधवा. केस राखलेल्या विधवेच्या हातचं पाणीही कर्मठ घरांत चालत नसे. म्हणजे जिचं सारं हिरावून घेतलं, तिच्याच राबण्यावर घरचं पावित्र्य उभं होतं. हे आम्हाला मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण आठवणींत मुकटा आणि पीतांबर राहतात, विधवेचं लाल लुगडं, आलवण, राहत नाही. आणि शिवू नये हा नियम घराच्या उंबऱ्यावर थांबत नव्हता. पाणवठे अस्पृश्यांना बंद होते. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह 1927चा, तुमच्या नाटकाच्या काळानंतर बारा वर्षांनी.

प्रश्न : भांडी कोणती ठेवावीत?

उत्तर : स्टील अजिबात नको. तांब्याची घागर, पितळेची पातेली, पळी, परात, दगडी पाटा-वरवंटा. पितळेला आतून कल्हई, म्हणजे कथलाचा मुलामा, हवी. ती उडाली, की आंबट आमटी किंवा ताक कळकतं, म्हणून कल्हईवाल्याची फेरी घरोघर महत्त्वाची होती. लोणच्यासाठी चिनी मातीची बरणी ठेवा. तिला सोवळ्यातल्याच कोरड्या हातानं शिवत. ओल्या हातानं बुरशी येते, त्यामुळे हा नियम सोवळं गेल्यावरही टिकला.

जेवण पाटावर, केळीच्या पानावर किंवा पत्रावळीवर दाखवा. आधी पुरुष आणि मुलं, शेवटी स्वैपाक करणारी.