जखमी सैनिकांचे पेन्शनचे कागद घेण्याआधी

जखमी सैनिकांचे पेन्शनचे जुने कागद जमवायला अमेरिकन यादवी युद्धापासून सुरुवात करताय ते ठीक, पण कागदावर ‘अपंगत्व’ दिसलं की लगेच लढाईतली जखम समजू नका. आधी कायदा बघा. १८६२च्या कायद्याखाली अपंगत्व लष्करी सेवेतूनच आलेलं असावं लागे. पूर्ण अपंग साध्या शिपायाला महिन्याला ८ डॉलर मिळत. १८९०च्या कायद्याने ती अट काढली. ९० दिवसांची सेवा, सन्मानाने मिळालेला डिस्चार्ज (सैन्यातून सेवामुक्ती) आणि अंगमेहनत जमत नाही, एवढं पुरे. म्हणजे उतारवयातला संधिवातही चाले. विक्रेते हा फरक सांगत नाहीत, किंमत मात्र जखमेची लावतात! दक्षिणेच्या, म्हणजे केंद्राविरुद्ध लढलेल्या, सैनिकांना त्या काळी केंद्राची पेन्शन नव्हती; त्यांचे कागद राज्यांचे.

सैनिकाच्या घरी राहिलेलं पेन्शन प्रमाणपत्र किंवा डिस्चार्जचा कागद घ्यायला हरकत नाही. डॉक्टरी तपासणीचे अहवाल, साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रं मात्र सरकारी फायलीतली, आणि त्या फायली बहुतेक वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. असा मूळ कागद विकायला आला तर तो बाहेर कसा पडला ते विचारा. उत्तर गोलमोल आलं तर सोडून द्या. फायलीची प्रत मागवता येते, आणि खरी हकिकत तिच्यातच सापडते.

घेतलेल्या कागदाला सेलोटेप, लॅमिनेशन अजिबात नको. नोंद करायचीच तर वेगळ्या कागदावर, पेन्सिलने.