अर्धशिशीची सुमाट्रिप्टान गोळी नशेच्या रसायनांच्या कुळातली आहे का?

तुम्ही विचारलंय की आईला डॉक्टरांनी अर्धशिशीसाठी सुमाट्रिप्टान लिहून दिली, पण ती डीएमटीसारख्या भास घडवणाऱ्या पदार्थाची नातेवाईक आहे असं वाचण्यात आलं, तर द्यावी की नाही.

नातं खरं आहे, भीती मात्र चुकीच्या जागी आहे. मी निपाणीत औषध दुकान चालवते. बिड्या वळणाऱ्या कितीतरी बायका डोक्याला फडकं बांधून माझ्याकडे हीच चिठ्ठी घेऊन येतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

या कुळाचं नाव ट्रिप्टामाइन. म्हणजे जोडून असलेली अणूंची दोन कडी आणि त्यांना नायट्रोजनपाशी संपणारी छोटी शेपटी. आपल्या शरीरातलं सेरोटोनिन हे निरोप पोचवणारं रसायन याच सांगाड्याचं, आणि त्यातलं सुमारे ९० टक्के आतड्यात असतं. डीएमटी आणि सुमाट्रिप्टान यांची तर शेपटीही सारखीच आहे. फरक कड्यावरच्या पाचव्या जागेचा: डीएमटीत तिथे काही नाही, सुमाट्रिप्टानमध्ये गंधक असलेला एक मोठा गट आहे.

त्या एका गटाने सगळं बदलतं. सेरोटोनिनचे रिसेप्टर, म्हणजे ते पेशीवर जिथे जाऊन बसतं त्या जागा, १४ प्रकारचे. डीएमटी मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या ५-एचटी२ए रिसेप्टरला चेतवतं आणि दिसण्या-ऐकण्याचा ताल बिघडतो. सुमाट्रिप्टान त्याला जवळपास शिवत नाही, शिवाय रक्तातून मेंदूत फारशी शिरतही नाही. ती बसते १बी आणि १डी या प्रकारच्या रिसेप्टरवर. १बी मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्यांवर असतात, त्या फुगलेल्या वाहिन्या आवळतात. १डी चेहऱ्या-डोक्याच्या मज्जातंतूच्या टोकांवर असतात, तिथून ठणका पेटवणारं सीजीआरपी नावाचं द्रव्य सुटायचं थांबतं.

आमच्या गावातलंच उदाहरण देते. असिटिलकोलीन हे शरीरातलं निरोप पोचवणारं आणखी एक रसायन, त्याचे रिसेप्टर दोन जातींचे. तंबाखूतलं निकोटिन त्यातल्या एकाच जातीवर बसतं, इतकं की त्या जातीला नावच निकोटिनवरून पडलं. म्हणजे कूळ पाहून औषध ओळखता येत नाही, ते कुठे जाऊन बसतं ते पाहावं लागतं. बाजारात चोरून विकल्या जाणाऱ्या नव्या कृत्रिम ट्रिप्टामाइन पुड्यांची मला म्हणूनच धास्ती वाटते. एखादा अणुगट इकडचा तिकडे झाला की परिणाम बदलतो, आणि ती पुडी कोणीच तपासलेली नसते.

आता खरी काळजी. १बी रिसेप्टर हृदयाच्या रक्तवाहिन्यांवरही असतात. म्हणून हृदयविकार, पूर्वी झालेला पक्षाघात किंवा आटोक्यात नसलेलं बीपी असेल तर ही गोळी चालत नाही. अर्गोटामाइन हे अर्धशिशीचं दुसरं औषध घेतलं असेल तर २४ तास थांबायचं. नैराश्याच्या गोळ्या सुरू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा, त्यातल्या काहींबरोबर ही अजिबात देत नाहीत. महिन्यात १० किंवा जास्त दिवस घेतली तर गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं.

मागे एक काका सुनेची उरलेली स्ट्रिप दाखवून आणखी मागायला आले, स्वतःच्या डोकेदुखीसाठी. अँजिओप्लास्टी झालेली! मी दिली नाही. ते रागावून गेले, पण पुन्हा विचारलं तरी मी देणार नाही.

आईला हृदयाचा त्रास नाही आणि बीपी ताब्यात आहे, हे डॉक्टरांना माहीत असल्याची खात्री करा. मग ठणका सुरू होताच गोळी द्या, अंगावर काढायला लावू नका.