टायर सहा वर्षांचे, कर्ज १८ टक्क्यांचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सहा वर्षांची टर्बो पेट्रोल गाडी आहे, तिच्यावर चार पगारांएवढा खर्च करायचाय, आधी रिमॅप करू (इंजिनाच्या संगणकाचं सेटिंग बदलून ताकद वाढवणं), सायलेन्सर बदलू, नवा इनटेक (इंजिनाला हवा पुरवणारा भाग) बसवू की मोठे ब्रेक? पैसे गॅरेजवालाच ‘फक्त १० टक्के फ्लॅट’ने तीन वर्षांसाठी मिळवून देतोय. मग ता. क. मध्ये तुम्ही लिहिता, की गाडीचं मूळ कर्ज अजून दोन वर्षं आहे (पगाराचा पाचवा हिस्सा, ११ टक्के), दर महिन्याला पगाराचा दहावा हिस्सा एका बचत-विमा पॉलिसीत जातो, घरात दोघं तुमच्यावर अवलंबून आहेत आणि खात्यात अर्धा पगार शिल्लक आहे.

मी तुमचं पत्र ता. क. पासूनच वाचायला घेतलं.

आधी तो ‘फक्त’ बघू. शंभर घेतले की वर्षाला १० प्रमाणे तीन वर्षांचं व्याज ३०. एकशेतीस भागिले ३६, हप्ता साधारण ३.६. पण मुद्दल तुम्ही पहिल्या महिन्यापासून परत करताय. दोन वर्षांनी त्या शंभरातले जेमतेम ४० तुमच्याकडे उरलेले असतात, व्याज मात्र अख्ख्या शंभरावर लावलेलं. दर महिन्याला उरलेल्या मुद्दलावर मोजलं, तर हाच दर १८ टक्के होतो. म्हणजे तुमचं गाडीचं ११ टक्क्यांचं कर्ज आणि हे १० टक्क्यांचं, यात स्वस्त कुठलं हे तुम्ही नेमकं उलटं वाचलंय. चार पगारांचा हप्ता पगाराच्या १४-१५ टक्के जाईल. जुने दोन हप्ते धरून ४५ टक्के झाले. नोकरीत एक महिना खंड पडला, तर अर्ध्या पगाराच्या शिलकीत हे हप्ते कसेबसे भागतील. घरखर्चाला काही उरणार नाही.

आता पॉलिसी. एजंटने सांगितलं, ‘दहा वर्षं भरा, विसाव्या वर्षी दुप्पट घ्या.’ दुप्पट हा शब्द ऐकला की माणूस कागद-पेन्सिल खाली ठेवतो, आणि एजंटला तेच हवं असतं. पहिला हप्ता वीस वर्षं अडकतो, शेवटचा दहाच्या आसपास, सरासरी पंधरा. पैसे दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांनी बहात्तरला भागलं, की साधारण व्याजदर मिळतो. बहात्तरला पंधराने भागा: पावणेपाच टक्क्यांच्या आसपास. तुम्ही एका हाताने पावणेपाच टक्क्यांनी पैसे ठेवताय आणि दुसऱ्या हाताने १८ टक्क्यांनी उचलायला निघालाय. वर ‘विमा तर आहेच’ असंही लिहिलंय. तुम्हीच दिलेल्या आकड्याप्रमाणे तो वार्षिक हप्त्याच्या दहापट, म्हणजे जेमतेम एका वर्षाचा पगार. दोन माणसांना तो किती दिवस पुरणार?

एक वर्षाचे हप्ते गेले, आता सोडली तर नुकसान, असं तुम्हाला वाटणार. गेलेले पैसे पूर्ण बुडाले असं धरून उरलेल्या नऊ वर्षांचा हिशेब केला, तरी परतावा साडेपाच टक्क्यांच्या आसपासच येतो. तोच हप्ता गाडीच्या कर्जात जास्तीचा भरलात, तर ११ टक्के वाचतात, तेही खात्रीने. फक्त त्या कर्जात मुदतपूर्व परतफेडीचा दंड नाही ना, हे आधी बघा. आणि पॉलिसी सरेंडर केल्यास, म्हणजे मुदतीआधी बंद केल्यास, आज किती मिळतील, हे कंपनीकडून लेखी घ्या, एजंटच्या तोंडी उत्तरावर जाऊ नका. क्रम मात्र चुकवू नका: आधी पुरेशा रकमेची टर्म पॉलिसी (बचत नसलेला, निव्वळ विमा) हातात येऊ दे, मगच जुनी बंद करा.

राहिली गाडी. टायर कंपनीतून आलेलेच आहेत, हे तुम्ही ओझरतं सांगितलंय. खाली वाका आणि टायरच्या बाजूला डॉट (DOT) या अक्षरांपुढचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. रबराला बारीक भेगा दिसताहेत का तेही बघा. ब्रेक ऑइल कधी बदललंय? ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ही किमान हद्द १५५ वर येते. उतारावर सतत ब्रेक दाबताना ते उकळलं तर पेडल सरळ खाली जातं. शंभरऐवजी एकशेवीसच्या वेगात गाडी थांबवायला ब्रेकना ४४ टक्के जास्त ऊर्जा गिळावी लागते. ताकद वाढवण्याआधी हे सगळं धड हवं.

तेव्हा चांगले टायर, ब्रेक पॅड आणि ताजं ऑइल. तुमच्याच यादीतल्या आकड्यांनुसार हे अर्ध्या पगारात बसतं. शिलकीला हात लावायला मी सहसा सांगत नाही, इथे सांगतोय. पॉलिसीचा सुटलेला हप्ता पाच महिन्यांत ती भरून काढेल, आणि त्यानंतरही निदान तीन पगार साठेपर्यंत तो हप्ता कर्जाआधी शिलकीतच टाका. सायलेन्सर यादीतून काढाच. मीही एकेकाळी बसवला होता. गाडी होती तेवढीच पळायची, शेजारी मात्र जागे व्हायचे. नुसता इनटेकही बहुधा आवाजापुरताच. आणि ‘विकताना पैसे वसूल होतील’ हे डोक्यातून काढा. बदललेली गाडी कशी पिदडली असेल, या शंकेनेच घेणारा भाव पाडतो. मूळ पार्ट जपून ठेवलेत तर ते परत बसवून गाडी विकता येते, बाकीचं सुटं.

रिमॅपवर माझा राग नाही. टर्बो गाडीत पैशाच्या मानाने सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो. पण टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) वाढला की जुनी क्लच प्लेट घसरायला लागू शकते, आणि तो खर्च तुमच्या यादीत कुठेच नाही. बदल विमा कंपनीला न कळवता केला, तर अपघातानंतर क्लेमला हरकत येऊ शकते. तिचं लेखी उत्तर आणि वाढीव प्रीमियमचा आकडाही आधी घ्या. दोन वर्षांनी मूळ कर्ज फिटेल, पगाराचा पाचवा हिस्सा मोकळा होईल. तेव्हा रिमॅप आणि क्लच दोन्हींचं कोटेशन एकत्र मागवा, आणि पैसे रोख द्या.