साउंड सेन्सर जोडला, पण आर्डुइनोवर आकडा हलतच नाही. काय चुकतंय?

तुम्ही सहावीच्या वर्गासाठी गोंगाटाचा दिवा करताय. कल्ला वाढला की हिरव्याचा पिवळा आणि पिवळ्याचा लाल. आर्डुइनो उनोला, म्हणजे त्या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाला, निळ्या पेचाचं साउंड सेन्सर मॉड्यूल जोडलंय, पण मुलं कितीही ओरडली तरी ए-झिरोवरचा, म्हणजे व्होल्टेज वाचणाऱ्या पिनवरचा, आकडा दोन-चार घरंच इकडेतिकडे होतो. कोड तीनदा नव्याने लिहिला, असंही तुम्ही म्हटलंय.

कोडला तूर्त हात लावू नका. माइककडून येणारा सिग्नलच इतका बारीक आहे की उनोला तो दिसत नाही. उनो 0 ते 5 व्होल्टचे 1024 भाग करतो, म्हणजे एकेक घर जवळपास 4.9 मिलिव्होल्टचं. साधा इलेक्ट्रेट माइक, ती शर्टाच्या बटणाएवढी गोल डबी, हातभरावरून बोललं तर जेमतेम काही मिलिव्होल्ट देतो. अख्खं बोलणं एका-दोन घरांत संपतं. तुमचे ते दोन-चार आकडे हाच खरा सिग्नल आहे.

मॉड्यूलवर आठ पायांची काळी चिप आहे ना, ती भिंगाखाली वाचा. बहुतेक एलएम393 असेल. तो कंपॅरेटर असतो: दोन व्होल्टेजची तुलना करून मॉड्यूलच्या डी-झिरो पिनवर फक्त हो किंवा नाही सांगतो. पेचाने ठरतो तो उंबरठा. टाळी वाजली की दिवा लागावा, एवढंच हवं असेल तर हे मॉड्यूल छान आहे. पण ए-झिरोवर येतो तो माइकचा कच्चा सिग्नल, त्याला मोठं करणारं तिथे कुणी नाही.

तेव्हा अ‍ॅम्प्लिफायर असलेला माइक घ्या. इथे मात्र जरा थांबा, कारण दुकानात बऱ्याचदा मॅक्स9814 हातात देतात. मी एका अभ्यासिकेसाठी तुमच्यासारखाच दिवा केला होता, त्यात हाच माइक बसवला. टेबलावर सगळं सुरेख चाललं. अभ्यासिकेत लावल्यावर कुजबुजीला पिवळा आणि भांडणालाही पिवळाच. दोन संध्याकाळी मी उंबरठे बदलत बसलो. मग डेटाशीट, म्हणजे चिपचं माहितीपत्रक, उघडली आणि लक्षात आलं की या चिपमध्ये गेन, म्हणजे सिग्नल किती पट मोठा करायचा ते, आपोआप कमी-जास्त होतो. शांततेत ती माइकचा कान टवकारते, आवाज वाढला की गेन 20 डेसिबलने कमीही करू शकते. बोलणं रेकॉर्ड करायला हे वरदान आहे. आपल्याला मात्र लहान-मोठ्यातला फरकच मोजायचाय आणि ती नेमका तोच पुसते.

तुम्हाला हवाय मॅक्स4466. याचा गेन एकदा लावला की तिथेच राहतो, 25 पटीपासून 125 पटीपर्यंत. मागच्या बाजूला इवलासा पेच असतो, तो अगदी हलक्या हाताने फिरवा, जोर लावला तर तुटतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत विचारून बघा, नाहीतर ऑनलाइन मागवा.

जोडायच्या तारा तीनच. ग्राउंडला ग्राउंड, आउट ए-झिरोला आणि व्हीसीसी, म्हणजे वीज घेणारी पिन, 3.3 व्होल्टच्या पिनला. 5 व्होल्टवरही चालतो, पण यूएसबीच्या 5 व्होल्टमध्ये कॉम्प्युटरची खरखर मिसळलेली असते, 3.3 ची पिन त्या मानाने स्वच्छ. शांत खोलीत आकडा 338 च्या आसपास स्थिरावेल. तो शून्य का नाही, म्हणून घाबरू नका. आवाज म्हणजे हेलकावा, तो वरही जातो आणि खालीही. उनोला शून्याखालचं व्होल्टेज वाचता येत नाही, म्हणून मॉड्यूल सिग्नलला 3.3 च्या निम्म्यावर, 1.65 व्होल्टवर, उचलून धरतं. 5 व्होल्टच्या मापात त्याचेच 338.

आता एकच वाचन घेऊन ते मोठं आहे का हे पाहण्यात अर्थ नाही, कारण हेलकाव्याच्या कुठल्या क्षणी तुम्ही वाचलंत हे नशिबावर. 50 मिलिसेकंद सलग वाचत राहा. तेवढ्यात उनो चारशेहून जास्त वेळा वाचतो. त्यातला सगळ्यात मोठा आकडा आणि सगळ्यात लहान आकडा, यांची वजाबाकी म्हणजे तुमचा गोंगाट. या 50 मिलिसेकंदांत सिरियल प्रिंट, म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावर आकडे छापणं, अजिबात नको. 9600 बॉड या पाठवण्याच्या वेगावर सेकंदाला जेमतेम 960 अक्षरं जातात, म्हणजे तीन आकडी वाचनं ओळीखाली ओळ छापलीत तर दोनशेही होत नाहीत. माणसाचा आवाज सेकंदाला शेकडो, हजारो वेळा थरथरतो, मधलं सगळं निसटून जाईल. वजाबाकी झाली की तेवढीच छापा, आणि बॉड 115200 ठेवा.

उंबरठे लावताना समान अंतर घेऊ नका. आपला कान पटीत ऐकतो. वर्ग शांत असताना वजाबाकी 20 येत असेल तर पिवळा 80 ला आणि लाल त्याच्या दुप्पट, 160 ला, असं पटीने चढा. प्रत्येक दुप्पट म्हणजे 6 डेसिबल. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या वर्गाचे तुम्हालाच एका तासाला बसून टिपावे लागतील. मुलांनाच टिपायला लावा, त्यांना आवडतं. आणि पाटीवर खरे डेसिबल लिहू नका, त्यासाठी माइक प्रमाणित मीटरशी जुळवून घ्यावा लागतो.

कुणाची कंपासपेटी खाली पडली तरी क्षणभर लाल लागेल आणि सगळा वर्ग हसेल. म्हणून गेल्या तीन सेकंदांच्या वजाबाक्यांची सरासरी घ्या आणि दिवा तिच्यावर चालवा. माइक पंख्याच्या झोतात नको, वारा लागला की तो त्यालाही गोंगाट समजतो, तोंडावर स्पंजचा छोटा तुकडा लावा. तुमच्या टेबलावरही ठेवू नका. तिथे सगळ्यात जवळचा आवाज तुमचाच असतो, आणि धडा शिकवताना दिवा तुमच्यावरच लाल होईल. मधल्या रांगेच्या बाजूच्या भिंतीवर, मुलांच्या डोक्यापेक्षा हातभर वर लावा.

एवढं करूनही आकडा ढिम्म राहिला तर मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून आउट आणि ग्राउंडमध्ये मोजा. साधारण 1.65 दिसलं तर मॉड्यूल ठीक आहे, ए-झिरोची तार तपासा. शून्य किंवा पूर्ण 3.3 दिसलं तर पिनांचं सोल्डरिंग बघा. या मॉड्यूलसोबत पिना बहुधा सुट्या येतात आणि पुष्कळ जण त्या नुसत्या भोकांत खोचून ठेवतात. तशा त्या लागत नाहीत, डाग द्यावाच लागतो.